‘स्वस्तिक कधी हाताने काढलंय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात स्वस्तिकावर लेख टाकला, त्याखाली ‘एक जुना वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून खाली चार शब्द खरडण्याऐवजी इथेच लिहितो. प्रतिक्रिया अशी: “दिसायला सारखं म्हणजे अर्थानेही सारखं, हे कोणी सांगितलं? युक्रेनमधल्या मेझीनच्या, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेल्या पक्ष्यावर नागमोडी नक्षी आहे; तिला स्वस्तिक म्हणणं ओढूनताणून वाटतं. फिनलंडचं साल चुकलंय. ज्यूंना काय वाटतं यावर एक ओळ नाही. दोन पुस्तकं चाळून लेख पाडलेला दिसतो. स्वस्तिक कधी हाताने तरी काढलंय का, लेखकसाहेब?”

साल चुकलं, मान्य. फिनलंडच्या हवाई दलाने निळं स्वस्तिक घेतलं ते १९१८ साली. स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोसेनने भेट दिलेल्या विमानावर ते होतं, तिथून. मी लिहिलेलं १९२० हे नाझी पक्षाने ते झेंड्यावर घेतल्याचं साल. घाईत एकाच्या जागी दुसरं पडलं. दुरुस्त केलंय, आभार. चूक दाखवणाऱ्यावर मी कधी रागावत नाही, जुन्या वाचकांना हे माहीत असायला हवं.

पण ‘लेखकसाहेब’ काहून? आणि ‘हाताने तरी’?

भाऊ, मी एकसष्ट वर्षांचा आहे. जन्म नागपूरच्या इतवारीतला, वाढलो तिथल्याच एका बोळात. आजी रोज सकाळी उंबरठा धुवायची, अनामिका ओली करून कुंकवात टेकवायची आणि एका दमात स्वस्तिक काढायची. शेवटी चार घरांत चार ठिपके. एकदा मी तिच्या आधी उठून उभी-आडवी रेघ ओढली आणि तिला फाटे जोडले. तिने ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकलं. “बेरीज करतोस का रे?” मधोमध रेघेने रेघ कापायची नाही, हा तिचा नियम होता. तो कुठल्या पुस्तकात आहे ते मी शोधलं नाही, पण आजही माझा हात तसाच वळतो.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक जैन कुटुंब होतं. त्या काकूंचं बोट धरून मी परवारपुऱ्यातल्या मंदिरात जायचो. काकू पाटावर चिमटीचिमटीने तांदूळ सोडत साथिया काढायच्या. चार फाटे म्हणजे जीव ज्यांत पुन्हापुन्हा जन्मतो त्या चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे), नारकी. वर तीन ढिगल्या, सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्याच्या. त्याच्याही वर चंद्रकोर, ती सिद्धशिला, म्हणजे मुक्त झालेल्या जीवांची जागा. मी विचारलं, हे शुभ असतं ना? काकू म्हणाल्या, “अरे, या चारांतूनच तर सुटायचंय.” म्हणजे आमच्या घरी ज्या आकाराने लक्ष्मीला आत बोलवत होते, त्याच आकारातून शेजारी बाहेर पडायला बघत होते. मधली भिंत नऊ इंचाची.

आता तुम्ही म्हणाल, मी तरी वेगळं काय म्हणत होतो? सारखं दिसतं, अर्थ वेगळा. मग तसं सरळ म्हणायचं ना! मुद्द्याला माझी ना नाही. ‘लेख पाडलेला दिसतो’ असं लिहिल्याशिवाय तो मांडता येत नव्हता का? माझ्या शाळेतले एक मास्तरही असंच बोलायचे. गणित बरोबर आलं तरी आधी कान पिळायचे. पन्नास वर्षं झाली, ते गणित विसरलो, कान लक्षात आहे.

बाकीचं थोडक्यात. मेझीनच्या पक्ष्याबद्दल मी ‘स्वस्तिकासारखी नक्षी’ असं लिहिलं आहे. ‘सारखी’ वाचायचं राहिलं असेल. कानाचा विषय निघालाच आहे तर, पाणिनीच्या अष्टाध्यायीत गुरांच्या कानावरच्या खुणांमध्ये स्वस्तिक येतं, तेही लेखात होतं. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही. ज्यूंचा प्रश्न मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. इस्रायलमधल्या एन-गेदीच्या जुन्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या, मोझेइक फरशीवर स्वस्तिक आहे, एवढं सांगून थांबतो. आणि अर्थ बदलल्याची जाण मला नाही म्हणता? अमेरिकेत नावाहो, होपी, अपाचे आणि पापागो या मूळनिवासी लोकांनी नाझींमुळे १९४० साली आपल्या घोंगड्या-टोपल्यांवर हे चिन्ह यापुढे काढणार नाही असं लिहून दिलं, ते माझ्या लेखाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर पोचला होतात का?

‘जुना वाचक’ म्हणवता. नऊ वर्षं लिहितोय, तुमचं नाव कधी दिसलं नाही. बरे लेख आले तेव्हा कुठे होतात?

असो. तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो: सध्या आमच्या फ्लॅटच्या दाराला स्वस्तिकाचं स्टिकर आहे. सुनेने आणलं. उंबरठ्याशी बसलं की मला उठता येत नाही.