चेंबूरचे बद्री नारायण आणि राजवाड्याहून मोठा हंस

परवा दादरला पुस्तकांच्या प्रदर्शनात माझ्या शेजारी एक बाबा उभे होते. सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी. तिने उचललेलं पुस्तक त्यांनी चाळलं, एका पानावरच्या ओळी चक्क बोटाने मोजल्या आणि म्हणाले, "अगं, यात वाचायला काहीच नाहीये. नुसती चित्रंच आहेत." पुस्तक परत ढिगात गेलं.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. तरी तिथे गप्प बसले आणि आता घरी येऊन इथे लिहितेय. (अनोळखी माणसाशी भांडायचा धीर झाला नाही, खरं सांगते.)

येताना ट्रेनमध्ये चित्रकार बद्री नारायण आठवत राहिले. जन्म १९२९चा, सिकंदराबादचा. पण आयुष्याची कितीतरी वर्षं आमच्या चेंबूरमध्ये काढली. कुठल्याही आर्ट स्कूलचा शिक्का नाही, आपलं आपण शिकलेले. जलरंग, एचिंग आणि वुडकट (धातूच्या आणि लाकडाच्या ठशांवरून छापलेली चित्रं), सिरॅमिक असं सगळं केलं. १९८७ साली पद्मश्री मिळाली. आणि हे सगळं चालू असताना हा माणूस मुंबईत शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवत होता, गोष्टी सांगत होता, मुलांसाठी गोष्टी लिहून त्यांची चित्रं काढत होता. २०१३ साली ते गेले.

चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी उमेदवारीत सिनेमाची होर्डिंगं रंगवली, मुलांची खेळणी केली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण कसं सांगतो? हलाखीचे दिवस म्हणून. पोटासाठी केलेलं, मग सुटलेलं काम. बद्री नारायण यांच्या बाबतीत ती सोय नाही. त्यांनी गॅलरीतलं चित्र आणि मुलांच्या गोष्टीतलं चित्र ही दोन्ही कामं सोबतच केली. मग त्यांना नेमकं कुठल्या खणात ठेवायचं ते आपल्याला कळत नाही.

खण आपणच पाडलेत. मुंबईचं जे.जे. कलाविद्यालय १८५७ सालचं, आणि १९३५ साली तिथे कमर्शियल आर्टचा वेगळा विभाग निघाला. त्यात वाईट काही नाही, जाहिरातीची कला वेगळी आहेच. पण आमच्या पिढीच्या बोलण्यात त्याची भिंत झाली. इकडचे 'पेंटर', तिकडचे 'कमर्शियलवाले'. मुलांच्या पुस्तकातलं चित्र मात्र कुठेच बसेना. ते दिवाणखान्यात लागत नाही आणि साबणाच्या जाहिरातीइतके पैसेही देत नाही.

हे माझ्याही वाट्याला आलेलं आहे. एका प्रकाशनासाठी बारा चित्रं केली होती, दिवाळीची अख्खी सुट्टी घालवून. पुस्तक हातात आलं. लेखकाचं नाव, मुद्रकाचं नाव, अक्षरजुळणी करणाऱ्याचंसुद्धा नाव. माझं नाही. फोन केला तर, "मॅडम, राहून गेलं बघा. पुढच्या आवृत्तीत नक्की टाकू." पुढची आवृत्ती निघालीच नाही.

असो. रडगाणं पुरे.

बद्री नारायण यांचं एक चित्र आहे, राणीला पडलेल्या हंसांच्या स्वप्नाचं. गोष्ट जातकातली, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांमधली. खेमा राणीला स्वप्न पडतं की सोन्याचे हंस धर्म सांगताहेत. ती हट्ट धरते, ते हंस मला प्रत्यक्ष ऐकायचेत. मग राजा त्यांना भुलवायला तळं करवून घेतो. बद्री नारायण यांचा भरवसा सपाट पृष्ठभागावर होता. चित्रात खोली असल्याचा आभास निर्माण करायच्या भानगडीत ते पडत नसत. आणि आकार बेताचा. मला आपलं वाटतं, ज्याला गोष्ट सांगायची आहे तो भिंतभर कशाला पसरेल? मांडीवर मावेल एवढा कागद घेईल.

ही गोष्ट मी एकदा सहावीच्या वर्गात सांगितली आणि चित्र काढायला लावलं. एका मुलाने राणी काढली अंगठ्याएवढी, राजवाडा काडेपेटीएवढा, आणि उरलेला अख्खा कागद भरून हंस. तेव्हा माझ्या डोक्यात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या सरकारी चित्रकला परीक्षा. लांबचं लहान, जवळचं मोठं, हे मुलांकडून घोटून घ्यायचे दिवस. मी लाल पेनने हंसाच्या पोटावर लिहिलं, 'प्रमाण?'

पोरगं माझ्या टेबलाशी आलं. "बाई, पण स्वप्न हंसाचं पडलंय ना? राजवाड्याचं नाही पडलं."

मी त्याला जागेवर बसायला सांगितलं. तास संपायला पाच मिनिटं होती, अजून वीस कागद तपासायचे होते. वर्षअखेरीला कपाट आवरताना तो कागद मिळाला, तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. बदलीची नोकरी होती त्याच्या वडिलांची. कागद अजून माझ्याकडे आहे. लाल पेनची शाई खोडता येत नाही.