एक्सलेटर अडकतो, आणि दर वेळी चूक ड्रायव्हरचीच नसते

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या मित्रांचा, सासरकडचा आणि तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर फेऱ्या मारणाऱ्या ड्रायव्हर मंडळींचा. मेसेजचा सारांश असा: चालत्या गाडीत एक्सलेटर अडकतो ही थाप आहे, माणूस ब्रेक समजून एक्सलेटर दाबतो आणि मग गाडीच्या माथी खापर फोडतो. आताच्या गाड्यांत एक्सलेटरला इंजिनपर्यंत जाणारी वायर, म्हणजे पोलादी तार, नसतेच, मग अडकणार काय? आणि अडकलाच तर चावी काढून घ्या, ब्रेक पंपासारखा मारत राहा, हँडब्रेक ओढा. न्यूट्रल मात्र करू नका, इंजिन फुटेल. खाली नेहमीप्रमाणे, जीव वाचवायचा असेल तर पुढे पाठवा.

आमच्या जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त सरांना हा मेसेज मुद्दाम पाठवला गेला. आदल्याच आठवड्यात त्यांची गाडी गेटच्या चढावरून सुटली आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीला धडकली. कुणाला लागलं नाही, बंपर गेला आणि भिंतीच्या चार विटा निखळल्या. सर सगळ्यांना एकच सांगत होते, "अरे, मी पाय उचलला होता." कुणी ऐकून घेतलं नाही. वय ७२, त्यामुळे निकाल आधीच लागलेला होता. मुलाने चावी कपाटात ठेवली आणि त्यात हा मेसेज. मला त्याचा राग आला, म्हणून हे लिहितोय.

पहिला दावा, चूक ड्रायव्हरचीच. यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. ब्रेकऐवजी एक्सलेटरवर पाय पडतो, आणि असं बऱ्याचदा होतं. नवशिक्याचं होतं, घाईत होतं, जाड तळाच्या बुटांनी होतं, पार्किंगमधून गाडी काढताना मान मागे वळवली की होतं. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्यांबद्दल अशा तक्रारींचा पाऊस पडला तेव्हा तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने थेट नासाच्या इंजिनिअरांना तपासाला बसवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये असा दोष त्यांना सापडला नाही, आणि पुष्कळ घटनांत पाय चुकीच्या पेडलवर पडला असावा असंही निघालं. पण त्याच तपासाने दोन यांत्रिक कारणं पक्की धरली: पेडल स्वतः चिकटणं आणि पायाखालच्या मॅटमध्ये पेडल अडकणं. मेसेज लिहिणाऱ्याने पहिलं अर्धं उचललं आणि दुसरं अर्धं टाकून दिलं.

जे टाकून दिलं ते किती भयंकर असू शकतं तेही सांगतो. २८ ऑगस्ट २००९ ला सॅन डिएगोजवळ टोयोटाचीच एक लेक्सस गाडी भर वेगात गेली आणि चौघं ठार झाले. चालवणारा नवशिका नव्हता, कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसातला अधिकारी होता. गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली, आणि तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती. आतल्या माणसाने फोनवरून मदत मागितली होती. ब्रेक बराच वेळ जोरात दाबून धरल्याच्या खुणा नंतर सापडल्या, म्हणजे पाय ब्रेकवरच होता. तीच गाडी काही दिवस आधी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला दिली होती, तेव्हाही पेडल मॅटमध्ये अडकलं होतं. त्याने गाडी परत करताना तसं सांगितलंही होतं. त्या सांगण्याकडे कुणी लक्ष दिलं असतं तर चार माणसं घरी गेली असती. "ड्रायव्हरचीच चूक" हे वाक्य मला म्हणूनच टोचतं. ते एकदा म्हटलं की गाडीत वाकून बघायची कुणाला गरज वाटत नाही.

सरांची गाडी मी आणि त्यांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी वाकून बघितली. कंपनीची मॅट, तिच्यावर बाजारातून आणलेली रबरी मॅट, आणि तिच्यावर आपला सोलापुरी टॉवेल, चौपदरी घडी घालून. धूळ लागू नये म्हणून. सोलापुरात हे घरोघरी आहे. चादर फाटली की सीटवर आणि टॉवेल जुना झाला की पायाखाली. त्या टॉवेलची पुढची कड सरकून पेडलखाली गोळा झाली होती. मुलाने हाताने पेडल तळापर्यंत दाबलं आणि सोडलं. पेडलचं खालचं टोक घडीत शिरलं आणि तिथेच बसलं. आम्ही तीनदा करून बघितलं. तीनपैकी दोनदा अडकलं. मुलगा बराच वेळ तसाच गुडघ्यावर बसून राहिला, मग म्हणाला, "काका, मी बाबांना काय काय बोललो."

दुसरा दावा, नव्या गाडीत वायर नाही म्हणून अडकत नाही. वायर नाही हे खरं. पण पेडल आहे ना? त्याला बिजागरी आहे, स्प्रिंग आहे, आणि पायाला वायरच्या पेडलसारखाच दाब जाणवावा म्हणून आत मुद्दाम घर्षण देणारा भाग बसवलेला असतो. पेडल किती दाबलंय ते सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो. हे सेन्सर दोन असतात आणि कॉम्प्युटर दोघांचा आकडा ताडून बघतो, जुळला नाही तर गाडीची ताकद कमी करतो. ही सोय चांगलीच आहे. पण पेडलच टॉवेलखाली दबलेलं असेल तर दोन्ही सेन्सर एकमुखाने सांगणार की मालकाला रेस हवी आहे, आणि कॉम्प्युटर ती देणार. जानेवारी २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या त्या मॅटमुळे नाही, पेडलमुळे. तो घर्षणाचा भाग झिजून आणि ओल धरून चिकटत होता. दुरुस्ती काय, तर आत पोलादाची एक छोटी पट्टी. या प्रकरणात लोकांची दिशाभूल केली म्हणून २०१४ मध्ये कंपनीने तिथल्या सरकारला १२० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. थापेसाठी एवढा पैसा कुणी मोजत नाही.

आता बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि एक्सलेटर एकदम दाबले गेले तर ब्रेकचं ऐकून इंजिनची ताकद तोडायची सोय असते. आपल्या गाडीत ती आहे की नाही हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात बघा, गृहीत धरू नका.

आणि वायरच्या गाड्या संपल्यात असं सोलापुरात तरी कुणी म्हणू नये. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे नेणारा एक टेम्पोवाला माझ्या ओळखीचा आहे. पेडल वर आणणारी स्प्रिंग तुटली तेव्हा त्याने ट्यूबच्या रबराची पट्टी कापून बांधली होती. चार महिने चाललं. मे महिन्यात, पारा ४२-४३ ला गेल्यावर, रबर सैल पडलं आणि अशोक चौकाच्या अलीकडे गाडीची रेस खाली येईना. क्लच दाबून त्याने गाडी कडेला घेतली. स्प्रिंग किती रुपयांची? त्या दिवशी त्याने भरलेल्या डिझेलच्या मानाने काहीच नाही.

माझा स्वतःचा अनुभवही वायरचाच. काही वर्षांपूर्वी मोहोळकडून येत होतो, सावळेश्वर टोलच्या पुढे. उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून चाललेला ट्रॅक्टर ओव्हरटेक केला आणि पाय उचलला. गाडी पुढेच. "अहो, हळू की," बायको म्हणाली. मी म्हटलं, "पाय वर आहे माझा." तिने खाली वाकून बघितलं, पाय खरंच वर होता. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. क्लच दाबला तसं इंजिन किंचाळायला लागलं, तिने कानावर हात ठेवले. न्यूट्रल केलं, ब्रेक घट्ट दाबला, कडेला मुरुमावर थांबलो, मग चावी फिरवली. सगळं मिळून दहा सेकंदं असतील. नंतर मिस्त्री अण्णांनी वायर काढून हातात दिली. कव्हरच्या तोंडाशी तिचे दोन-तीन बारीक तार तुटून उलटे फिरले होते. वायर ओढली की आत जायची, परत येताना ते तार कव्हरला अडायचे. आठवडाभर आधी पेडल जड लागतंय म्हणून मी एका गॅरेजमध्ये दाखवलं होतं. तिथे वायर न काढताच तेल सोडलं आणि काही नाही म्हणून परत पाठवलं. पेडल जड लागणं, दाबताना करकर जाणवणं, आधी अडून मग एकदम उसळी घेणं, पाय काढल्यावर रेस सावकाश उतरणं, ही सगळी आधीची लक्षणं आहेत. उसळीचं एक कारण थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागात, साचलेली काजळी आणि मळ. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करणं म्हणूनच महाग पडतं.

आता मेसेजमधले उपाय. चुकीच्या दाव्यापेक्षा चुकीचा उपाय जास्त घातक, कारण माणूस नेमका तोच आठवणार.

चावी काढू नका. धावत्या गाडीत चावी बाहेर काढली की स्टिअरिंगला लॉक बसू शकतो. तुम्ही पुणे रोडवर ऐंशीच्या वेगात आहात आणि स्टिअरिंग वळत नाही, एवढं डोळ्यांसमोर आणा. इंजिन बंद करायचंच असेल तर चावी फक्त एक घर मागे घ्यायची, बाहेर नाही. तेव्हाही स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत संपत जाते, म्हणून हे काम गाडी थांबल्यावरचं. बटणाच्या गाडीत चालताना एकदा टिचकी मारून इंजिन बंद होत नाही, बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. त्या लेक्ससलाही बटणच होतं.

ब्रेक पंपासारखा मारू नका. हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो जुन्याजाणत्या ड्रायव्हरांच्या तोंडीही आहे. ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांत हवा शिरली असेल, पेडल खाली जात असेल, तर पंप करणं ठीक. इथे दुखणं वेगळं आहे. ब्रेकला पायाची ताकद वाढवून देणारा जो बूस्टर असतो तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, चालतो. पेट्रोल गाडीत रेस पूर्ण उघडी असेल तर व्हॅक्यूम जवळजवळ तयारच होत नाही. टाकीत शिल्लक पाणी असावं तसा बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता साठा असतो. ब्रेक सोडून दाबला, सोडून दाबला की तो संपतो, आणि मग पेडल दगडासारखं होतं. डिझेल गाडीत व्हॅक्यूमचा पंप वेगळा असतो, तिथे हा त्रास कमी, पण ऐन वेळी कुणी हिशेब करत बसत नाही. एकदाच, दोन्ही पायांचं बळ लावावं लागलं तरी चालेल, घट्ट दाबायचा आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचा नाही.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना धरतो. वेगात एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. बाकी काहीच उरलं नाही तर हळूहळू, बटण दाबून ठेवून ओढायचा.

आणि न्यूट्रल? जे करायला मेसेज मनाई करतो तेच सगळ्यात आधी करायचं. गिअरच्या गाडीत क्लच दाबून न्यूट्रल, ऑटोमॅटिकमध्ये दांडा डी वरून एन वर. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत त्यासाठी दांड्याचं बटणही दाबावं लागत नाही. चाकांना जाणारी ताकद तुटली की उरतो फक्त आवाज. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे जिथे इंधन कॉम्प्युटर सोडतो तिथे, इंजिन ठराविक वेगाच्या वर फिरायला लागलं की कॉम्प्युटर स्वतःच इंधन तोडतो, त्यामुळे इंजिन सहसा फुटत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ही सोय नसते, तिथे इंजिनला इजा होऊ शकते. होऊ द्या. इंजिन बसवून मिळतं.

वाकून हाताने पेडल सोडवायचं तर डोक्यातही आणू नका. रस्ता सुटतो.

एका ड्रायव्हरने ग्रुपवर विचारलं, तक्रार करून काय मिळणार? निदान हे करा: गाडी थांबल्यावर, काहीही हलवायच्या आधी, पेडलचा आणि मॅटचा मोबाइलवर फोटो काढा. पाय नसताना पेडल खाली दिसलं तर "तुझाच पाय चुकला" म्हणणाऱ्याला तोंड उरत नाही. पेडलमध्येच दोष असेल तर सर्व्हिस सेंटरला लेखी द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलंय, त्याखाली सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार कंपनीला देऊ शकतं.

सरांच्या गाडीत आता एकच मॅट आहे, कंपनीची, खालच्या हुकांत अडकवलेली. चावी मुलाने स्वतः नेऊन हातात दिली. सर रोज सकाळी बेल्ट लावण्याआधी, इंजिन बंद असताना, पेडल तळापर्यंत दाबतात आणि पाय झटकन काढतात. टक् असा आवाज येऊन ते वर आलं की मगच गाडी चालू करतात आणि होटगी रोडला भाजी आणायला जातात.