‘हायब्रिडचं इंजिन काय, नावालाच असतं’: नसतं

जुन्या हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाड्यांबद्दल एक सल्ला जिकडेतिकडे फिरतोय. सांगणं असं की हायब्रिडचं इंजिन फारसं चालतच नाही. मग त्याला कुणी टर्बो (दाबाने हवा भरणारा पंखा) लावला असो, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) बंद केला असो की अख्खं इंजिन बदललं असो, गाडी बिनधास्त घ्या. बॅटरी धड आहे आणि स्कॅनरवर बिघाडाचा कोड नाही, एवढं बघितलं की झालं. यातलं बॅटरी बघणं तेवढं पटण्यासारखं आहे. बाकीचं एकेक घेऊ.

‘इंजिन कमी चालतं, म्हणून झिजत नाही’

सिग्नलला ते बंद असतं, खरंय. हायवेच्या वेगाला मात्र बहुतेक वेळ चालूच असतं. शिवाय छोट्या फेऱ्यांमध्ये तेल पुरतं तापत नाही, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल आणि ओल तेलातच साठते. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, तर तेल पातळ झालंय.

‘टर्बो लावला की ताकद वाढते, मोटर तर वेगळीच असते’

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, कारण मोटर वेगळी नसते. टोयोटा प्रियसच्या पहिल्या तिन्ही पिढ्यांत इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर प्लॅनेटरी गिअरने (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणारी दात्यांची रचना) एकमेकांत गुंतलेले आहेत. मधल्या सन गिअरला ३० दाते, बाहेरच्या रिंगला ७८. इंजिनाचा टॉर्क याच प्रमाणात वाटला जातो: सुमारे ७२ टक्के रिंगकडे, म्हणजे चाकांकडे, आणि २८ टक्के सन गिअरकडे, जिथे पहिला जनरेटर बसलाय. त्या जनरेटरने हे २८ टक्के उलट बाजूने रोखून धरले, तरच उरलेले चाकांपर्यंत पोचतात. इंजिनाचा टॉर्क दीडपट केला की जनरेटरलाही दीडपट जोर लावावा लागतो, आणि त्याची व इन्व्हर्टरची (मोटरला वीज पुरवणाऱ्या युनिटची) मर्यादा तर तीच राहते. रोखणं जमलं नाही की इंजिन नुसतं गरगरतं. बहुतेकदा त्याआधीच कंट्रोल युनिट थ्रॉटल मिटवतं. मग टर्बो उरतो तो बॉनेट उघडून दाखवण्यापुरता.

दुसरी अडचण इंजिनाच्या पोटातच आहे. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि आत घेतलेल्या हवेतली थोडी परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांमध्ये) ढकलली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत १३:१ हे कॉम्प्रेशनचं (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचं) गुणोत्तर चालतं ते याच युक्तीमुळे. तिथे दाबाने हवा भरली की नॉकिंगला (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकण्याला) आमंत्रण. असं काम केलेली गाडी दिसली तर व्हॉल्व्ह टायमिंग, इंधनाचा नकाशा आणि इन्व्हर्टरचं कूलिंग यांचं काय केलं ते विचारा. तिन्हींची उत्तरं नसतील तर काम अर्धवट आहे.

होंडा इनसाइटची पहिली पिढी (१९९९ ते २००६) ही वेगळी जात. तिथे १४४ व्होल्टची पातळ मोटर थेट क्रँकशाफ्टवर असते. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन काढून होंडाचंच के-मालिकेचं मोठं इंजिन बसवण्याची टूम या गाडीत बरीच चालते. काम उत्तम असू शकतं, पण मोटर निघाली की ती हायब्रिड राहत नाही. या गाडीला मुळात अल्टरनेटर नाही, १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीवरूनच चार्ज होते. म्हणून इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर धरा. साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे स्टीलचे ब्रॅकेट जिथे बोल्ट केलेत, तिथे पांढरी भुकटी (गंजाची खूण) आहे का तेही पाहा.

‘कोड नाही म्हणजे गाडी ठणठणीत’

कोड पुसायला एक मिनिट लागतं. स्कॅनरवर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का, ते) बघा. अंतर दहा-वीस किलोमीटर आणि मॉनिटर अपूर्ण असतील, तर गाडी तुमच्यासाठीच सजवलीय. साधा स्कॅनर हायब्रिडच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचेलच असं नाही. ते वाचणारा हवा.

त्याच स्कॅनरवर बॅटरीचं काम उरकून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूलच्या १४ जोड्या असतात. जोरात ॲक्सिलरेटर दाबताना एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली गेली, तर एक सेल मेल्याची शंका घ्या.

‘ईजीआर बंद केला, आता हेड गॅस्केटची कटकट नाही’

तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये (१.८ लिटर) ईजीआर कूलर काजळीने तुंबतो आणि हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांमधलं सील) जातं, ही बदनामी खरी आहे. पण थंड केलेला एक्झॉस्ट आत सोडल्याने जळणाचं तापमान उतरतं. पत्र्याची चकती घालून तो रस्ता बंद करणं म्हणजे तुंबल्यावर जे होतं तेच स्वतःच्या हाताने करणं. कूलर आणि मॅनिफोल्डमधल्या वाटा साफ करणं हाच उपाय.

तपासायचं कसं? गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी पहिलं स्टार्ट तुमच्यासमोर. विकणाऱ्याने ‘गरम करून ठेवलीय’ म्हटलं तर दुसऱ्या दिवशी जा. रात्रीत सिलिंडरमध्ये झिरपलेलं कूलंट असेल, तर पहिले काही सेकंद इंजिन खडखडतं, गाडी हलते, मग सगळं शांत. टाकीतली कूलंटची खूणही बघा. नंतर इंजिन सलग चालू ठेवण्यासाठी इन्स्पेक्शन मोड लावा: ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा, मग ६० सेकंदांच्या आत पी-मध्ये ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबा, एन-मध्ये दोनदा, पुन्हा पी-मध्ये दोनदा, मग ब्रेक दाबून स्टार्ट. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

‘मूळ इंजिन सोबत देतोय, कधीही परत बसवा’

वायरिंग हार्नेस बघा. कनेक्टरपाशी तारा कापून टेपने जोडल्या असतील, माउंट छाटले असतील, तर ते इंजिन भंगाराच्या भावाचं. नारिंगी केबलला (ती मोठ्या व्होल्टेजची असते) असा जोड दिसला तर हात लावू नका. आणि नोंदणीच्या कागदावरचा क्रमांक कुठल्या इंजिनाचा आहे, बसवलेल्या की डिकीतल्या, ते पैसे देण्याआधी ताडून घ्या.