साडूंची ऑल-व्हील-ड्राइव्ह

कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या सरकारने एक फार शहाणा कायदा केलाय. १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात प्रांतात नोंदणी झालेल्या प्रत्येक कारला चारही टायर विंटरचे, म्हणजे थंडी-बर्फासाठीचे, हवेतच. नसले तर दोनशे ते तीनशे डॉलर दंड, वरचा खर्च वेगळा. कायद्यात फक्त एक भोक राहून गेलंय. दुसऱ्या प्रांतातून येणाऱ्या गाड्यांना तो लागू नाही. आणि माझे साडू राहतात ओंटारियोत, मिसिसागाला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस दिलदार. पण आपण घेतलेली वस्तू जगात एक नंबर आहे, हे समोरच्याने कबूल केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. मिक्सर, गादी आणि म्युच्युअल फंड या तिन्हींतून आम्ही सहीसलामत बाहेर पडलो होतो. मग त्यांनी सेकंडहँड एसयूव्ही घेतली, ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवणार अशी. घेतली भर जुलैत. तेव्हापासून फोनवर एकच पालुपद: "नाताळात येतोच तुमच्याकडे. बघू तरी तुमचा बर्फ."

बर्फाचा अपमान करू नये, असं मला इथल्या वास्तव्याने शिकवलंय. ऑक्टोबर लागला की आमच्या मॉन्ट्रियलमध्ये माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, "टायरची अपॉइंटमेंट मिळाली का?" असं विचारतात. आमच्या गॅरेजातली बाई "बोंजूर-हाय" म्हणून फोन उचलते आणि अत्यंत गोड आवाजात २ डिसेंबरची तारीख देते. म्हणजे कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची. मग गयावया करायची, फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. काढलेले टायर ठेवायचे कुठे हा पुढचा प्रश्न. गॅरेजवाले ठेवून घेतात, पण भाडं मागतात. म्हणून आमचे टायर बाल्कनीत. उन्हाळ्यात विंटरचे, हिवाळ्यात उन्हाळ्याचे. मे-जूनमध्ये त्यांच्यावर फळी टाकून बायको कुरडया वाळवते. कुरडयांना रबराचा किंचित वास येतो, पण आजवर एकाही पाहुण्याने तसं बोलून दाखवलेलं नाही.

तर साडू आले. बूट काढायच्या आधी त्यांनी माझ्या सेडानकडे बघून मान हलवली. "फ्रंट-व्हील ना ही? अरेरे." चहाबरोबर व्याख्यान. १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आउडीने क्वाट्रो ही ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी कशी आणली, मग रॅलीच्या शर्यतींत बाकीच्यांची कशी दाणादाण उडवली, वगैरे. सगळं खरं होतं. मी फक्त एवढंच म्हणालो, की मोंटे कार्लो रॅलीत हेच शूर लोक कुठल्या टप्प्याला कुठला टायर लावायचा यावर डोकं धरून बसतात. साडूंनी चिवड्यातले शेंगदाणे वेचायला घेतले.

रात्री कचरा टाकायच्या निमित्ताने मी खाली उतरलो आणि मोबाइलच्या टॉर्चने त्यांचे टायर पाहिले. ऑल-सीझन, म्हणजे बाराही महिन्यांचे. आधीच्या मालकाने मनसोक्त वापरलेले. खाचा अशा, की काडेपेटीतली काडी आडवी ठेवली तर जेमतेम बुडेल. ४ मिलिमीटरपर्यंत झिजलेले टायर बर्फाच्या रस्त्यावर वापरू नयेत, असं कॅनडाचं वाहतूक खातं सांगतं. हे तर त्याच्याही पलीकडे गेलेले. बाजूला 'एम प्लस एस' अशी अक्षरं होती. म्हणजे चिखल आणि बर्फ. ती खाचांच्या रचनेवरून मिळतात, बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षा पास झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि पोटात हिमकण, असं चित्र असतं. क्यूबेकमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून हे चित्र किंवा मग टायरमध्ये बसवलेले खिळे लागतात, नुसती अक्षरं चालत नाहीत. गंमत म्हणजे त्या परीक्षेतही बर्फावर गाडी पुढे किती जोर धरते एवढंच मोजतात, थांबते कशी ते नाही. जगात सगळ्यांनाच पुढे जायची घाई.

सकाळी मी विषय काढला. ऑल-सीझन टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, शिवाय त्याच्या ठोकळ्यांवर केसाएवढ्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. ऑल-व्हील-ड्राइव्हचं काम वेगळं. इंजिनाची ताकद दोनऐवजी चार चाकांना देणं. बऱ्याच गाड्यांत तर तीही एरवी पुढच्याच चाकांना जाते, ती घसरली की मगच मागच्यांची आठवण होते. आणि ब्रेक? ते माझ्या गरीब सेडानलाही चारही चाकांना आहेत. शेवाळलेल्या अंगणात झिजलेल्या सपाता घालून उभ्या असलेल्या माणसाला मागून दोघांऐवजी चौघांनी ढकललं, तर तो निघेल झोकात. पुढे विहीर आली की चौघांचा काय उपयोग?

"तुमची थिअरी राहू द्या," साडू म्हणाले. "चला, कोथिंबीर आणायचीच आहे."

कोथिंबीर पार्क एक्स्टेंशनला मिळते, आमच्यापासून सरळ रस्त्याने. पण साडूंना चढ हवा होता. मॉन्ट्रियलमध्ये कोत-दे-नेज नावाचा रस्ता आहे, डोंगराच्या खांद्यावरून शहरात उतरतो. रात्रभर बर्फ पडून सकाळी तापमान शून्याच्या आसपास आलेलं. हे तापमान सगळ्यात दगाबाज. उणे वीसला बर्फ खरखरीत असतो, शून्याशी त्यावर पाण्याचा पापुद्रा येतो आणि मग देवही चालत नाही.

चढ मात्र गाडी अशी चढली, की मला खोटं बोलवेना. शेजारी एक हॅचबॅक जागच्या जागी चाकं फिरवत होती, आम्ही तिच्या बाजूने सुळकन वर. बर्फ काढायच्या नांगराने दारात रचून ठेवलेला बर्फाचा बांध ओलांडायलाही ही गाडी फर्मास. "बोला आता!" साडू म्हणाले. मी काही बोललो नाही, कारण चढाच्या पलीकडे उतार असतो हे मला ठाऊक होतं.

उतारावर खाली सिग्नल लाल झाला. साडूंनी ब्रेक दाबला. पायाखालून एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, घर्र-घर्र-घर्र असा आवाज सुरू झाला, डॅशबोर्डवरच्या दिव्यातली पिवळी गाडी नागमोडी घसरू लागली आणि खरी गाडी तिचं अनुकरण करू लागली. वेग काही फार नव्हता. तोच तर ताप. जोरात आदळायचं असतं तर निदान लवकर संपलं असतं. इथे सगळं बघत बघत जायचं. बसथांब्यावरचा म्हातारा आमच्याकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे. त्याने पिशवी उचलली, दोन पावलं मागे सरकला, पुन्हा पिशवी ठेवली. माझा उजवा पाय माझ्या बाजूला नसलेला ब्रेक इतका दाबत होता, की पोटरीत गोळा आला. २०१६ च्या डिसेंबरात इथल्याच बीव्हर हॉलच्या उतारावर सिटी बस, पोलिसांची गाडी आणि चक्क बर्फ काढायचा ट्रक एकामागोमाग एक घसरत येऊन एकमेकांना भेटले होते, त्याचा व्हिडिओ जगाने पाहिला. आता आमचाही येणार, या विचाराने मी मफलर नाकावर ओढला.

शेवटी फुटपाथला लागून रचलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात गाडीने तोंड खुपसलं. भुस्स. शांतता. वायपर एकदा इकडे, एकदा तिकडे.

"पाहिलंत?" साडू म्हणाले. "बरोब्बर मऊ जागा शोधली की नाही गाडीने?"

आणि मग रिव्हर्स टाकून, चारही चाकांच्या जोरावर, ते त्या ढिगाऱ्यातून दिमाखात बाहेर आले. म्हातारा टाळ्या वाजवत होता. त्यामुळे वाद पुन्हा बरोबरीत.

निकाल लागला तो परतीच्या दिवशी. मॉन्ट्रियलचे खड्डे हा स्वतंत्र विषय आहे. खाचेत पाणी शिरतं, गोठून फुगतं, डांबर फोडतं. महाराष्ट्रात हे काम पावसाळा करतो. असा एक खड्डा वितळलेल्या बर्फाखाली दबा धरून बसला होता. धाडकन. पुढच्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. त्याला पंक्चर काढणारा नाही, टायर फेकायचाच.

गॅरेजातल्या माणसाने खाचा मोजल्या आणि मान हलवली, साडूंनी माझ्या सेडानकडे बघून हलवली होती तशीच. ऑल-व्हील-ड्राइव्हला चारही टायर एका मापाचे लागतात. एक नवा, तीन झिजलेले, असं केलं तर चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि आतला क्लच, डिफरन्शियल असले चाकांना ताकद वाटून देणारे भाग तापून खराब होतात. माझ्या गरीब सेडानला दोन टायरवर भागलं असतं. "चारही घ्या," तो म्हणाला. ऑल-सीझन आहेत का? तो हसला. डिसेंबरात, क्यूबेकमध्ये?

हजार डॉलरच्या वर बिल झालं. साडूंनी कार्ड काढताना माझ्याकडे बघितलं नाही. मीही भिंतीवरच्या फिनलंडच्या टायरची जाहिरात मन लावून वाचत होतो. १९३६ पासून हाक्कापेलिट्टा नावाने विंटर टायर बनवतात म्हणे. बायकोने घरी येताना बजावलं, "भाऊजींना काही बोललात तर बघा." बोललो नाही. त्याचा त्रास मला अजून होतो.

संक्रांतीला सगळ्या कुटुंबाचा व्हिडिओ कॉल. सांगलीहून सासरे, मिसिसागाहून साडू, इकडून आम्ही. साडू रंगात आले होते. "बाबा, काय सांगू! परवा तुफान बर्फ होता. ब्रेक मारला की गाडी जागच्या जागी! ऑल-व्हील-ड्राइव्हची हीच तर मजा. सुरुवातीला मॉन्ट्रियलला जरा बुजली होती, पण आता सरावलीय बर्फाला."

सासऱ्यांनी कौतुकाने मान डोलावली आणि स्क्रीनच्या चुकीच्या कोपऱ्यात मला शोधत म्हणाले, "जावईबापू, तुम्हीपण एक घेऊनच टाका की आता. पोरीला घेऊन हिंडता त्या साध्या गाडीतून."

बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. "बघतो," मी म्हणालो.