साबण लावून चादरीचा रंग ओळखता येत नाही

"अस्सल सोलापुरी चादर झाडपाल्याच्या रंगातच रंगवतात. खात्री करायची तर कोपऱ्याला साबण लावा. रंग बदलला की केमिकल समजा. नैसर्गिक रंग कधी उडत नाही. केमिकल रंगाने कॅन्सर होतो." हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी ना कुणी टाकतंच. चार दावे आहेत, चारही लंगडे.

आधी साबणाचं बघू, कारण ही परीक्षा चक्क उलटी आहे. वरण सांडलेला शर्ट साबणाने धुताना पिवळा डाग लाल होतो, हे कुणी पाहिलं नाही? हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, साबणासारख्या अल्कलीत लालसर होतं. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळं. हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणामुळे. जास्वंदीचा रंगही आम्ल-अल्कलीप्रमाणे पालटतो. उलट कारखान्यातले व्हॅट रंग (पाण्यात एरवी न विरघळणारे पक्के रंग) कॉस्टिक सोडा या जहाल अल्कलीच्या आणि हायड्रोच्या (सोडियम हायड्रोसल्फाइट) पाण्यातच सुतावर चढवतात. साबणाने त्यांचं काय बिघडणार? म्हणजे या परीक्षेत हळद नापास आणि केमिकल पास!

रंग न उडण्याचं म्हणाल, तर हळदीत बुडवलेलं फडकं सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात वाळत घालून बघा. मंजिष्ठा चांगली टिकते, पण सुताला आधी तुरटी दिली तर. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने सूत धरतं, दुसऱ्या हाताने रंग. तुरटीऐवजी हिराकस घेतली, तर त्याच मंजिष्ठेचा लाल काळपट जांभळ्याकडे झुकतो. तुरटी, हिराकस, मोरचूद ही केमिकल नाहीत तर काय आहेत?

"अस्सल म्हणजे झाडपाला" हे तर इतिहासालाही धरून नाही. सोलापूरची जुनी मिल १८७७ची. मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतलं, मॅडरच्या मुळातलं लाल रंगद्रव्य अलिझरिन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्येच प्रयोगशाळेत बनवलं होतं. कारखान्यातली नीळ १८९७ पासून बाजारात आहे. चादरीचं जीआय (भौगोलिक) मानांकन गावाशी जोडलेलं आहे, तो झाडाच्या रंगाचा दाखला नव्हे.

कॅन्सरच्या दाव्यात मात्र तथ्याचा अंश आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. अझो हा कारखान्यातल्या रंगांचा एक मोठा गट. त्यातले काही रंग फुटून बेंझिडीनसारखी अमाइन नावाची रसायनं सुटतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. भारताने १९९७ मध्ये अशा ७० अझो रंगांवर बंदी घातली. पण 'काही अझो रंग' म्हणजे 'सगळे केमिकल रंग' नव्हेत. मूत्राशयाचा कर्करोग पूर्वी जडला तो रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना. डाय हाऊसमध्ये, म्हणजे सूत रंगवतात तिथे, तोंडाला फडकं न बांधता भुकटी मोजणाऱ्या माणसाची काळजी या मेसेजात एका शब्दानेही नाही.

चादर घेताना पांढरा रुमाल ओला करून गडद पट्ट्यावर जोरात घासा. रुमाल रंगला, तर रंग नीट बसलेला नाही किंवा रंगवल्यावर सूत पुरेसं धुतलेलं नाही. एवढंच कळेल, रंग झाडाचा की कारखान्याचा, ते नाही. निळीचं तर आणखी अवघड: दोन्हीकडचा इंडिगोचा रेणू एकच. फरक शोधायचा तर सोबतची इंडिरुबिनसारखी द्रव्यं तपासावी लागतात, नाहीतर कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन मोजावा लागतो. झाडाच्या निळीत तो सापडतो, खनिज तेलापासून केलेल्या निळीत जवळपास नसतोच.