तेरेझिनला ४५ मिनिटं?

आज सकाळी एका ग्रुपवर मध्य युरोपच्या सहलीचं वेळापत्रक आलं. त्यात एक ओळ : "प्राग ते ड्रेस्डेन. वाटेत तेरेझिन छळछावणी, फोटोस्टॉप, ४५ मिनिटं." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. तेरेझिन म्हणजे चेकमधलं तटबंदीचं गाव. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ते ज्यूंना कोंडायची जागा, म्हणजे घेट्टो, करून टाकलं.

४५ मिनिटांत काय होतं ते ऐका. बस गावाबाहेरच्या छोट्या किल्ल्यापाशी थांबते. लोक कबरींच्या रांगांमधून झपाझप आत जातात, 'आर्बाइट माख्ट फ्राय' ('काम मुक्ती देतं') लिहिलेल्या कमानीखाली फोटो काढतात आणि "ज्यूंचा घेट्टो पाहिला" म्हणत परत बसमध्ये. अहो, घेट्टो पाहिलेलाच नसतो! छोटा किल्ला म्हणजे प्राग गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा तुरुंग, जून १९४० पासूनचा. तिथून सुमारे ३२,००० कैदी गेले, त्यातले बहुतेक राजकीय. ज्यू कैदीही होते आणि सगळ्यात जास्त हाल त्यांचेच झाले. पण घेट्टो म्हणजे ओहर्झे नदीपलीकडचं तटबंदीतलं अख्खं गाव, आणि तिथे ही बस थांबतच नाही.

याच किल्ल्यात एक न्हाणीघर आहे. भिंतीला ओळीनं बेसिनं, त्यांच्यावर आरसे. बाहेरून पाहणी करायला कुणी आलं तर दाखवायला बांधलेलं, कैद्यांनी कधीच न वापरलेलं. मी गेले होते तेव्हा तिथे पुढच्या घोळक्यातल्या दहा-बारा वर्षांच्या एका मुलानं नळाकडे हात नेला आणि वडिलांना विचारलं, "बाबा, यातून पाणी यायचं का?" वडील म्हणाले, "चल, बस सुटेल."

मराठीतच बोलत होते.

त्या मुलाला उत्तर मिळालं असतं, पण नदीपलीकडे. कारण १९४४ च्या उन्हाळ्यात ते सगळं गावच तसल्या नळासारखं करून ठेवलं होतं. २३ जूनला रेडक्रॉसचं पथक येणार म्हणून चौकातलं कुंपण काढलं, हिरवळ केली, गुलाब लावले, वाद्यवृंदासाठी मंडप उभारला. रस्त्यांना नंबर होते, त्यांना नावं दिली. दुकानं सजवली, कॅफे चालू केला. आणि गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात ७,५०३ माणसं ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवून दिली. पाहुणे ठरवून दिलेल्या वाटेनं फिरले आणि रेडक्रॉसच्या प्रतिनिधीनं बरा अहवाल लिहिला. त्यांनाही कुणी नळ सोडून पाहायला वेळ दिला नव्हता, त्यांनी मागितलाही नाही. त्यानंतर २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर, एका महिन्यात ११ गाड्यांमधून १८,००० हून जास्त माणसं पूर्वेला, ऑशविट्झला गेली.

मान्य, टूरवाल्यांना संध्याकाळच्या आत हॉटेल गाठायचं असतं, ग्रुपमध्ये गुडघेदुखीवाले ज्येष्ठही असतात. मग तेरेझिन वगळा ना! वेळापत्रकात नाव हवं म्हणून तिथे थांबू नका.

असो. ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी. प्रागहून स्वतः जाणं मुळीच अवघड नाही. मेट्रोच्या सी लाइनवर नाद्राझी होलेशोव्हित्से स्टेशन आहे, त्याच्या बाहेरून लिटोम्येर्झित्सेची बस मिळते, तासाभरात पोचवते. छोट्या किल्ल्याच्या थांब्यावर उतरू नका, गावातल्या चौकापर्यंत जा. छोटा किल्ला, घेट्टो संग्रहालय आणि माग्डेबुर्ग बराक (घेट्टोतली जुनी सैनिकी इमारत) यांचं एकत्र तिकीट मिळतं, तेच काढा. शनिवार मात्र टाळा, त्या दिवशी घेट्टोतलं दाहगृह, म्हणजे प्रेतं जाळायची जागा, बंद असतं.

सुरुवात घेट्टो संग्रहालयापासून करा. घेट्टोच्या काळात या इमारतीत मुलगे राहायचे. इथे घाई करू नका. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाईंनी घेट्टोत मुलांना चित्रकला शिकवली आणि ऑशविट्झला जाण्याआधी सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली. बाई परत आल्या नाहीत. फुलपाखरं, घरं, जेवणाची टेबलं. मुलांनी कागदावर काय काय मागितलंय ते बघा.

मग माग्डेबुर्ग बराक. तिथे झोपायची खोली जशी होती तशी मांडली आहे, तीन मजली फळ्यांची. युद्धापूर्वी सैनिक धरून सुमारे ७,००० लोक राहायचे त्या गावात सप्टेंबर १९४२ ला जवळजवळ ५८,००० माणसं कोंबली होती. हा आकडा त्या फळ्यांसमोर उभं राहिल्यावरच कळतो. पुढे रुळांचा उरलेला तुकडा लागतो. १९४३ च्या जूनपर्यंत हा फाटा नव्हता, बोहुशोव्हित्से स्टेशनवरून म्हातारी माणसंसुद्धा सामान घेऊन चालत यायची. तिथून दाहगृह, चार भट्ट्यांचं. घेट्टोत सुमारे ३३,००० माणसं मेली, भूक आणि रोगराईनं. त्यात म्हातारे सर्वाधिक.

छोटा किल्ला शेवटी. दीड-दोन तास लागतात. भुयारी वाट सुमारे अर्धा किलोमीटर आहे, उन्हाळ्यातही आत गार असतं, अंगावर काहीतरी घ्या. लहान मुलं बरोबर असतील तर न्हाणीघरात थोडं थांबा. प्रश्न विचारतील, विचारू द्या.

गावातून किल्ल्याकडे पायीच जा, पंधरा-वीस मिनिटांची वाट आहे. मध्ये ओहर्झेवरचा पूल लागतो. नोव्हेंबर १९४४ मध्ये पुरावा राहू नये म्हणून सुमारे २२,००० जणांची रक्षा कागदी डब्यांतून काढून याच नदीत टाकली. बस हा पूल अर्ध्या मिनिटात ओलांडते.