"फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रोफेशनल फुटेज चालत नाही" म्हणणाऱ्यांना उत्तर

एडिटिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सतत फिरत असतो: "फुकट सॉफ्टवेअर घरगुती व्हिडिओपुरतं ठीक. त्यात एमएक्सएफ उघडत नाही, प्रोरेस चालत नाही, आठ ऑडिओ ट्रॅकपैकी एकच येतो, प्रॉक्सी केली की क्वालिटी जाते. क्लायंटचं काम असेल तर सबस्क्रिप्शन घ्याच." ज्याच्या हातात अजून पहिलं कामही पडलेलं नाही, त्याला हा सल्ला थेट खर्चात पाडतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"एमएक्सएफ आणि प्रोरेस चालत नाही." एमएक्सएफ हा प्रोफेशनल कॅमेऱ्यांच्या फाइलचा नुसता डबा आहे, आत व्हिडिओ कोणत्या कोडेकमध्ये (साठवायच्या पद्धतीत) भरलाय ते महत्त्वाचं. सोनी कॅमेऱ्यांच्या एक्सडीकॅम फाइलमध्ये एमपेग-२ असतं, एक्सएव्हीसीमध्ये एच.२६४. केडनलाइव्ह आणि शॉटकट ही फुकट एडिटिंग सॉफ्टवेअर फाइल वाचायला एफएफएमपेग हे फुकट टूल वापरतात आणि ते हे दोन्ही कोडेक वाचतं, शिवाय अॅपलचं प्रोरेस आणि अॅविडचं डीएनएक्सएचडी हे एडिटिंगसाठीचे कोडेकही. मग गोंधळ कुठे होतो? बहुतेकदा डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत. लिनक्सवर ती साधा एच.२६४, म्हणजे मोबाइलवर शूट केलेला व्हिडिओसुद्धा घेत नाही. तीच फाइल केडनलाइव्हमध्ये बिनतक्रार उघडते. एका सॉफ्टवेअरची अडचण सगळ्या फुकट सॉफ्टवेअरच्या माथी मारली जाते, हे मला अजिबात पटत नाही.

"एकच ऑडिओ ट्रॅक येतो." सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. एक्सडीकॅम एचडी४२२ च्या फाइलमध्ये २४-बिट, ४८ किलोहर्ट्झचे आठपर्यंत ऑडिओ ट्रॅक असतात आणि बहुतेकदा प्रत्येक वेगळा मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा. पहिल्यावर कॉलर माइक, दुसऱ्यावर बूम (दांड्यावरचा माइक), पुढचे रिकामे, अशी मांडणी नेहमीची. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावली की एका वेळी एकच ट्रॅक ऐकू येतो आणि "बूमचा आवाज गेला" अशी ओरड सुरू होते. आवाज गेलेला नसतो. व्हीएलसीच्या ऑडिओ मेनूत ट्रॅक बदलून बघा.

केडनलाइव्हमध्ये क्लिप प्रॉपर्टीजच्या ऑडिओ टॅबवर सगळे ट्रॅक एकाखाली एक दिसतात. जे हवे आहेत त्यांवर टिक करा, टाइमलाइनवर तेवढे ऑडिओ ट्रॅक ठेवा, मग क्लिप ओढा. रिझॉल्व्हमध्ये हेच काम क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये होतं: तिथे स्टिरिओऐवजी मोनो निवडून प्रत्येक चॅनल वेगळ्या ट्रॅकला जोडता येतो. डाव्या कानात कॉलर माइक आणि उजव्यात बूम असं विचित्र ऐकू येत असेल, तर त्याचाही इलाज हाच. टाइमलाइनवर कापाकापी सुरू करण्याआधी हे करून घ्या. नंतर प्रत्येक तुकडा दुरुस्त करत बसणं जिवावर येतं.

आवाज खरोखर हरवतो तो दुसरीकडे. एफएफएमपेगने फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलताना काही सांगितलं नाही, तर ते एक व्हिडिओ आणि एकच ऑडिओ ट्रॅक उचलतं, बाकीचे गुपचूप सोडून देतं. मॅप हा पर्याय वापरून सगळे ट्रॅक मागावे लागतात. मूळ कार्ड पुसलं असेल तर ते ट्रॅक परत मिळत नाहीत. हे शिकवायचं सोडून "विकत घ्या" म्हणणं चूक आहे.

"प्रॉक्सीने क्वालिटी जाते." नाही. प्रॉक्सी म्हणजे फुटेजची हलकी प्रत, ती फक्त एडिट करताना दिसते. रेंडर, म्हणजे शेवटची फाइल, मूळ फुटेजवरून होतो. प्रोरेस ४२२ एचक्यू फुल एचडीला, २५ फ्रेमवर, तासाला सुमारे ८३ जीबी खातं. साध्या लॅपटॉपवर प्रॉक्सीशिवाय काम ओढायचा हट्ट कशाला?

त्या मजकुरात खरं काहीच नाही असं मात्र नाही. ब्लॅकमॅजिक रॉ, म्हणजे ब्लॅकमॅजिक कॅमेऱ्यांचं रॉ फुटेज, केडनलाइव्हमध्ये उघडत नाही. त्यासाठी रिझॉल्व्हच हवं, आणि तिथे ते फुकट आवृत्तीतही चालतं. केडनलाइव्हमधली इफेक्टची प्रक्रिया बराच काळ मुख्यतः ८-बिटमध्ये होत आली आहे, त्यामुळे १०-बिट लॉग (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकट शूट केलेल्या) फुटेजचं बारकाईचं ग्रेडिंगही, म्हणजे रंगकामही, रिझॉल्व्हमध्येच करा. एफएफएमपेगचं प्रोरेस अॅपलने प्रमाणित केलेलं नाही, म्हणून चॅनलला फाइल द्यायची असेल तर आधी एका मिनिटाची चाचणी फाइल पाठवून त्यांच्या तांत्रिक तपासणीतून पास करून घ्या.